उत्पन्न आणि इंटरनेट: आपल्या गावातील दरी कशी मोजावी

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के होते. कुटुंबांच्या दरडोई मासिक खर्चाच्या उतरंडीवर पाहिले तर चित्र अधिक ठळक होते. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील ८.९ टक्के कुटुंबांना इंटरनेट उपलब्ध होते, तर सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यात ते ५०.५ टक्के कुटुंबांना होते. त्यानंतर २०२५ च्या पहिल्या तिमाहीत झालेल्या ८०व्या फेरीच्या दूरसंचार पाहणीने देशातील ८६.३ टक्के कुटुंबांत इंटरनेट पोचल्याचे नोंदवले. हे आकडे शेजारी ठेवले की दरी जवळजवळ बुजली असे वाटते. प्रत्यक्षात ती बुजलेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी ‘घरात फोन आहे का’ एवढे विचारले तरी सधन आणि गरीब घर वेगळे दिसत असे. आज बहुतेक घरांतून ‘आहे’ असेच उत्तर येते. पण त्या फोनमध्ये वर्षातले किती दिवस डेटा असतो, तो दिवसभर कोणाजवळ असतो आणि त्यावर कोणते काम खरोखर पुरे होते, हे अजूनही उत्पन्नच ठरवते.

मराठवाड्यातील एखाद्या गावात ही दरी मोजायची असेल, तर ती कशी मोजावी याचे हे मार्गदर्शन आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, बचतगटातील महिला किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, अशा चार-सहा जणांच्या गटाला फारसा खर्च न करता ही पाहणी करता येते. जिल्ह्याचे किंवा राज्याचे सरासरी आकडे गावाच्या उपयोगाचे नसतात, कारण एकाच गावात बागायतदाराच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर सालगड्याचे घर असते आणि सरासरीत ही दोन्ही घरे एकमेकांत मिसळून जातात.

उत्पन्नाचा अंदाज कसा घ्यावा

पाहणीतील सर्वांत अवघड भाग हाच आहे, म्हणून त्याला पुरेसा वेळ द्यावा. ‘तुमचे वार्षिक उत्पन्न किती?’ असे थेट विचारल्यास बहुधा तहसीलच्या दाखल्यावरचा आकडा सांगितला जातो, आणि तो आकडा शिष्यवृत्तीच्या किंवा योजनेच्या मर्यादेत बसेल असा काढलेला असण्याची शक्यता मोठी असते. यात सांगणाऱ्याचा दोष नाही. ज्या कागदावर मुलीची फी अवलंबून असते, त्या कागदाशी विसंगत माहिती अनोळखी माणसाला कोण देईल? शिधापत्रिकेच्या रंगावरही विसंबून राहता येत नाही. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी १५ हजार आणि केशरीसाठी १ लाख रुपये ही वार्षिक उत्पन्नाची मर्यादा फार पूर्वी ठरलेली आहे. आज महिनाभर नियमित मजुरी मिळणारे घरही १५ हजारांच्या वर सहज जाते, त्यामुळे केशरी पत्रिकेत भूमिहीन मजूर आणि दहा एकरांचा शेतकरी असे दोघेही सापडतात.

त्याऐवजी घर कशावर चालते, हे विचारावे आणि त्यावरून गट पाडावेत. मराठवाड्यातील बहुतेक गावांत पाच गट पुरेसे होतात: ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, गावातच रोजमजुरी किंवा सालाने काम करणारी कुटुंबे, कोरडवाहू अल्पभूधारक, पाण्याची सोय असलेले बागायतदार, आणि पगार, निवृत्तिवेतन किंवा दुकान यांवर चालणारी घरे. जे घर दोन गटांत बसते, त्याची नोंद ज्या कमाईवर वर्षातले जास्त महिने निघतात त्या गटात करावी. यासोबत चार साध्या गोष्टी टिपाव्यात: जमीन किती आणि तिला पाणी आहे का, घराचे छत कशाचे आहे, दुचाकी आहे का, आणि गेल्या वर्षभरात सावकाराकडून, ऊसतोडीच्या मुकादमाकडून किंवा बचतगटातून कर्ज वा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली का. एवढ्या माहितीवरून घराची आर्थिक स्थिती दाखल्यापेक्षा अधिक विश्वासाने कळते.

पैसा किती येतो याइतकेच तो केव्हा येतो हेही महत्त्वाचे आहे आणि बहुतेक प्रश्नावल्यांत नेमके हेच सुटते. पगारदाराच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेल्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि पुढे कापसाच्या वेचणीप्रमाणे थोडाथोडा. मृगाच्या पेरणीत बी-बियाणे आणि खतात तो संपतो, आणि आषाढ-श्रावणात घर उधारीवर चालते. ऊसतोड कामगाराला हंगामाआधी उचल मिळते. ती जुनी देणी, लग्नकार्य, दुरुस्त्या यांत जाते आणि त्यानंतरचे महिने तीच उचल फेडण्यात सरतात. फोन मात्र सर्वांकडे सारख्याच मुदतीने रिचार्ज मागतो. कमाई हंगामी आणि रिचार्ज मासिक, ही विसंगती हा या विषयाचा गाभा आहे असे माझे मत आहे, आणि म्हणून प्रत्येक घरासाठी बारा महिन्यांचा एक साधा तक्ता करावा, ज्यात कोणत्या महिन्यात पैसा आला आणि कोणत्या महिन्यात फोन बंद पडला या दोन्ही खुणा शेजारी करता येतील.

पाहणीचा काळ

दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील कित्येक वाड्या आणि तांडे निम्मे रिकामे होतात, कारण ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडलेल्या असतात. त्या काळात केलेली पाहणी गावातील सर्वांत गरीब गटालाच वगळते, आणि निष्कर्ष आपोआप चांगले दिसू लागतात. म्हणून पहिली फेरी टोळ्या निघण्यापूर्वी, शक्यतो पोळा ते दसरा या काळात करावी. हे दिवस हात आखडलेले असण्याचेही आहेत, त्यामुळे बंद पडलेले फोन तेव्हा प्रत्यक्ष दिसतात.

वेळ सायंकाळची ठेवावी. दिवसा मजूर रानात असतात आणि घरी भेटतात ते बहुधा सधन घरांतले लोक किंवा म्हातारी माणसे. गावापासून दूर असलेले शेतातले आखाडे, मळ्यातील वस्त्या आणि तांडे यांची यादी आधी करून तेथे पहिल्याच दिवशी जावे. शेवटी जायचे ठरवले, की ते राहून जाते. मोठ्या गावात प्रत्येक घरी जाणे शक्य नसेल, तर मूळ गावठाणात दर पाचवे घर घ्यावे. लहान वस्त्यांवरची मात्र सगळी घरे घ्यावीत, नाहीतर त्या गटाविषयी काही बोलण्याइतकी माहितीच हाती येत नाही.

काय विचारावे

पहिला प्रश्न रिचार्जचा. बहुतेक मासिक प्लॅन २८ दिवसांचे असतात, म्हणजे वर्षभर फोन चालू ठेवण्यासाठी १२ नव्हे, १३ वेळा पैसे भरावे लागतात. ‘गेल्या वर्षात किती वेळा रिचार्ज मारला?’ असे विचारल्यास उत्तर आठवत नाही. सणवार लावून विचारल्यास ते आठवते. ‘मावशी, नागपंचमीला फोन चालू होता का? पोळ्याला? संक्रांतीला?’ अशा पद्धतीने वर्ष मागे नेता येते. मिळालेल्या उत्तरांवरून वर्षातले अंदाजे किती दिवस डेटा होता हे काढावे. हा आकडा माझ्या दृष्टीने संपूर्ण पाहणीतील सर्वांत बोलका आकडा आहे, कारण फोन असलेली दोन घरे तेथे एकदम वेगळी दिसू लागतात.

रिचार्ज कसा केला हेही विचारावे. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत तो ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा प्लॅन घेतो आणि त्याला दिवसाचा खर्च कमी पडतो. ज्याच्याकडे आजचीच मजुरी आहे तो एका दिवसाचा छोटा पॅक घेतो. समजा, २८ दिवसांचा प्लॅन ३०० रुपयांना आणि एका दिवसाचा पॅक २० रुपयांना मिळतो. तर रोजच्या पॅकवर २८ दिवस काढणारा माणूस ५६० रुपये भरतो. कमी उत्पन्नाच्या माणसाला तीच सेवा महाग पडते, ती अशी. घरातील कोणाला इंटरनेट नको असून केवळ बोलण्यासाठी फोन हवा असेल, तर केवळ कॉल आणि एसएमएस देणारे स्वतंत्र पॅक ठेवणे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे, हे पाहणी करतानाच सांगावे.

दुसरा प्रश्न फोन कोणाजवळ असतो, हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, तर महिलांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते. ज्या घरात एकच स्मार्टफोन असतो, तेथे तो कामावर जाणाऱ्या पुरुषासोबत सकाळी बाहेर पडतो. मग मुलांचा अभ्यास, पोषण आहाराची माहिती, बचतगटाचा निरोप हे सगळे रात्री तो परत येईपर्यंत थांबते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन अभ्यास मोबाइलवर आला, तेव्हा अशाच घरांतील मुले मागे राहिली. म्हणून सकाळी, दुपारी आणि रात्री फोन कोणाच्या हातात असतो हे तीन स्वतंत्र रकान्यांत लिहावे, आणि शक्य असेल तेथे घरातील स्त्रीला हा प्रश्न वेगळा विचारावा. पुरुषाचे आणि स्त्रीचे उत्तर जुळले नाही, तर दोन्ही नोंदवावीत. पाहणी करणाऱ्या गटात किमान दोन महिला असाव्यात, हे त्यासाठीच.

तिसरा प्रश्न क्रमांकाचा आहे. रिचार्ज दीर्घ काळ झाला नाही तर सिम बंद होते आणि कालांतराने तो क्रमांक दुसऱ्याला दिला जातो. आधार, बँक खाते आणि योजनांचे अर्ज मात्र त्याच जुन्या क्रमांकाशी जोडलेले राहतात. त्यानंतर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करताना ओटीपी कोठे गेला हे कळत नाही, आणि एका न भरलेल्या रिचार्जमुळे पीएम किसानचा हप्ता किंवा लाडकी बहीण योजनेची रक्कम अडकते. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या कुटुंबात हे वारंवार घडू शकते, कारण तेथल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, विजेची सोय नसली की फोन चार्ज करण्यासाठीही दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा आधारशी जोडलेला क्रमांक आज चालू आहे का, एवढेच विचारावे. क्रमांक लिहून घेऊ नये.

चौथ्या भागात विचारायचे नाही, करून पाहायला सांगायचे. ‘इंटरनेट येते का?’ या प्रश्नाला व्हिडिओ पाहणारा प्रत्येक जण होकार देतो. त्याऐवजी स्वतःच्या फोनवर तीन कामे करून दाखवण्याची विनंती करावी: आपला सातबारा शोधणे, दोन दिवसांचा पावसाचा अंदाज पाहणे आणि एखाद्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान उघडणे. सातबारा नसलेल्या भूमिहीन घरात त्याऐवजी शिधापत्रिकेची माहिती किंवा वीजबिल चालेल. कोठे अडले ते लिहावे. फोनमधील जागा भरलेली असणे, फोन जुना असल्यामुळे ॲप न चालणे, लेखी इंग्रजी न कळणे आणि ‘चुकून पैसे कटतील’ ही भीती, या अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र काढून ई-पीक पाहणी नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. ज्याच्याकडे ते ॲप नीट चालेल असा फोन नाही, त्याच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद राहून जाण्याचा धोका असतो, आणि हमीभावाच्या केंद्रावर माल घालताना तीच नोंद मागितली जाते. जुन्या फोनची किंमत अशी मोंढ्यावर चुकवावी लागू शकते.

शेवटचा प्रश्न दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाचा आहे. ७५व्या फेरीत ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. मोठे अर्ज, कागदपत्रे स्कॅन करणे, छपाई ही कामे आजही सेतूवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात होतात. गेल्या वर्षात अशी किती कामे केली, प्रत्येक वेळी किती रुपये दिले, जाण्यायेण्याचा खर्च किती झाला आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली का, हे विचारावे. सर्व्हर बंद असल्यामुळे दुसऱ्यांदा जावे लागले असेल, तर तोही खर्च धरावा. सधन घराच्या खर्चात मजुरीचा रकाना रिकामा राहतो. मजुराच्या घरी मात्र तोच सर्वांत मोठा असतो, आणि हा खर्च सरकारी आकडेवारीत सहसा दिसत नाही.

पाहणीत आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी किंवा कागदपत्रांची छायाचित्रे घेऊ नयेत. माहिती कशासाठी हवी आहे ते आधी सांगून संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. प्रश्नावलीवर नाव न लिहिता घराला एक क्रमांक द्यावा आणि नावांची यादी वेगळी, एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. योजनेची नोंदणी सुरू आहे असा समज झाला, तर लोक माहिती बदलून सांगतात किंवा नंतर फसवणूक झाल्याची भावना घेऊन बसतात. हा समज पहिल्याच वाक्यात दूर करावा.

अडचण रेंजची की पैशाची?

बालाघाटच्या डोंगररांगेतील अनेक वस्त्यांवर रेंजच मिळत नाही असे सांगितले जाते, आणि तेथे सर्व उत्तरे ‘टॉवर नाही’ या एका कारणावर येऊन थांबतात. ते कारण खरे असेलच असे नाही. तपासण्याची सोपी रीत अशी की, त्याच वस्तीवरील पगारदाराच्या किंवा बागायतदाराच्या घरात इंटरनेट चालते का ते पाहावे. चालत असेल, तर रेंज आहे आणि उरलेल्या घरांची अडचण पैशाची आहे. तेथेही चालत नसेल, तर अडचण सर्वांची आहे. तरी एक फरक उरतो. सधन घर वायरचे इंटरनेट घेऊन किंवा मुलाला लातूर-नांदेडला खोली करून देऊन त्यातून मार्ग काढते, गरीब घराला तो मार्ग नसतो. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या ग्रामीण इंटरनेटच्या सरकारी योजनेची केबल पोचली असेल, तर ती चालू आहे का आणि त्या जोडणीचा उपयोग कार्यालयाबाहेर कोणाला होतो का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

आकडे मांडताना

प्रत्येक गटासाठी तीन आकडे काढावेत: वर्षातले डेटा असलेले दिवस, तीनपैकी पूर्ण केलेली कामे, आणि फोन व सेतू मिळून होणारा खर्च अंदाजित उत्पन्नाच्या किती टक्के आहे. उदाहरणार्थ, दोन फोनवर वर्षाला १३ वेळा ३०० रुपये भरले तर ७,८०० रुपये होतात. वर्षाला १ लाख मिळवणाऱ्या घरासाठी तो उत्पन्नाच्या ७.८ टक्के भाग आहे, ६ लाख मिळवणाऱ्यासाठी १.३ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक इंटरनेट सेवेचा खर्च देशाच्या दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी असावा असे उद्दिष्ट ठेवले आहे. भारतातील स्वस्त डेटाची जी चर्चा होते ती अशाच सरासरीवर आधारलेली असते, आणि सरासरीएवढे उत्पन्न नसलेल्या घराला तिचा आधार नसतो.

गटाची सरासरी काढण्याऐवजी मध्यक काढावा, म्हणजे सर्व घरांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा. एखाद्या घरातील मुलगा पुण्यात नोकरीला असेल आणि तोच सर्वांचा रिचार्ज करत असेल, तर त्या एका घरामुळे संपूर्ण गटाची सरासरी फुगते. मध्यकावर तेवढा परिणाम होत नाही. अशा घरांची वेगळी नोंद मात्र ठेवावी, कारण बाहेरगावी कमावता माणूस असणे हे स्वतःच एक साधन आहे.

ग्रामसभेपुढे नेताना

पाहणीचा तक्ता एका पानात बसवावा आणि तो आधी महिला सभेत वाचावा. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ज्या घरांची माहिती आहे त्यांची नावे वाचली जाणार नाहीत, हे तेथे पुन्हा सांगावे. ग्रामसभेत सर्वसाधारण मागणी करू नये. ‘गावात इंटरनेट हवे’ असा ठराव होतो आणि तेथेच राहतो. पाहणीतून जे कारण पुढे आले असेल, त्यालाच धरून मागणी करावी.

रिचार्जचे दिवस कमी भरत असतील, तर ग्रामपंचायत कार्यालयात किंवा वाचनालयात रात्री नऊपर्यंत खुले वाय-फाय, आणि शाळेच्या शिक्षकांनी अभ्यासाचे व्हिडिओ मेमरी कार्डवर भरून देण्याची व्यवस्था मागावी. वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठराविक कामाशी न बांधलेल्या, निधीतून अशी लहान कामे गाव विकास आराखड्यात घेता येतात, मात्र आराखडा तयार होत असतानाच मागणी नोंदली गेली पाहिजे. मजुरी बुडण्याचा खर्च मोठा दिसत असेल, तर आपले सरकार सेवा केंद्राने आठवड्यातून एक दिवस सायंकाळी तांड्यावर बसावे असा ठराव घ्यावा आणि शासनाने ठरवलेल्या शुल्काचा फलक केंद्रात ठळक लावण्यास सांगावे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे; ज्यांना दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा फेरी मारावी लागली त्यांना अपील करता येते, हे सभेत स्पष्ट सांगावे. आधारशी जोडलेले क्रमांक बंद असल्याचे प्रमाण मोठे असेल, तर टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, गावातच आधार अद्ययावत करण्याचे शिबिर भरवण्याचे पत्र तहसीलदारांना द्यावे. फडावरून परत आल्यावर भरवलेले शिबिर या लोकांच्या हंगामातील हप्त्यांसाठी उशिराचे ठरते.

दुसरी फेरी पाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर, त्याच घरांत करावी. तेव्हा नवी घरे घेऊ नयेत. बारा महिन्यांच्या तक्त्यातील उरलेले रकाने भरावेत, फडावर असताना कोणत्या महिन्यात कोणाचा फोन बंद होता ते विचारावे आणि १ मे च्या ग्रामसभेत दोन्ही फेऱ्यांचे तक्ते एकत्र ठेवावेत.